अलार्म कुणाच्या मोबाईलवर वाजणार?

मागच्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, स्मार्ट हेल्मेटचा डेमो होता. मालक ओळखीचे, मी तिथं पूर्वी मेंटेनन्सला होतो, आता बाहेरून इलेक्ट्रिकलची कामं घेतो, म्हणून मला पण बोलावलेलं. पुण्याहून दोन पोरं आली होती, टापटीप, लॅपटॉप टीव्हीला जोडून बसलेली. हेल्मेटच्या मागच्या बाजूला काडेपेटीएवढी डबी, माणूस पडला तर कळतंय, गॅस आला तर कळतंय, शेडच्या कुठल्या कोपऱ्यात उभा आहे ते पण कळतंय. एकानं हेल्मेट टेबलावरून खाली पाडून दाखवलं आणि टीव्हीवर लाल ठिपका लुकलुकायला लागला, सगळ्यांनी वा वा केलं. मग मालकांनी पहिला प्रश्न विचारला, "हे संडासाला किती वेळ गेलेत ते दाखवतंय काय?"

पोरगं हसत म्हणालं, हो सर, पूर्ण रिपोर्ट येतो, दिवसाचा, आठवड्याचा, माणसागणिक.

दुसरा प्रश्न फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करायचा विभाग) एका मामांनी विचारला, दारात उभं राहून, "साहेब, घामानं पट्टा कुजणार न्हाई काय? आणि चार्जिंग कुणी करायचं, घराकडं न्यायचं हाय काय?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही, कारण तोवर चहा आला होता.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, मी या वस्तूंच्या विरोधात नाही. उलट मला वाटतं आमच्या भागात त्या पंधरा वर्षं उशिरा येतायत. माझं भांडण एवढंच आहे की अलार्म वाजला तर तो कुणाला ऐकू येणार, आणि वाजल्यावर काम थांबवायचा अधिकार कुणाला. हे न ठरवता हेल्मेट घेतलं की ती बैलाच्या गळ्यातली घंटा झाली. घंटा काय बैलाच्या सोयीसाठी नसते, बैल कुठं चरतोय ते मालकाला कळावं म्हणून असते, बेंदराला तिला कितीही गोंडे लावा.

आता मी विरोधात का नाही ते सांगतो. खानापूर तालुक्यात आजोळी विहिरीचा गाळ काढायच्या आधी आजोबा दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर कोण उतरायचं नाही, त्या दिवशी काम बंद, मग झाडाच्या फांद्या दोरीला बांधून वरखाली करत हवा खेळवायची. आम्हा पोरांना तो जादूचा प्रकार वाटायचा. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो आणि ज्योत १६ टक्क्यांच्या आसपास मान टाकते, हे मला कळलं तिशी ओलांडल्यावर. म्हणजे आजोबांच्या हातात गॅस डिटेक्टरच होता, फक्त तो एकच गोष्ट सांगायचा आणि ती पण उशिरा सांगायचा. आजचा खिशाला लावायचा डिटेक्टर १९.५ टक्क्यालाच ओरडतो, आणि ज्योतीला जे कळत नाही ते पण सांगतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, हायड्रोजन सल्फाईड, पेट घेणारा गॅस.

यातला हायड्रोजन सल्फाईड आमच्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाचा आहे. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या तिन्ही नद्यांच्या आजूबाजूला साखर कारखाने, त्यातल्या कितीतरींना जोडून डिस्टिलरी, आणि डिस्टिलरी म्हटलं की मळीच्या टाक्या, स्पेंटवॉशचे (दारू काढून उरलेल्या सांडपाण्याचे) खड्डे, ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. हंगाम संपला की उन्हाळ्यात या टाक्या धुवायचं काम निघतं आणि ते बहुतेक कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांकडं असतं. तळाला सडका गाळ असतो, माणूस आत उतरून फावडं मारतो आणि गाळात अडकलेला गॅस तेव्हा मोकळा होतो, वरून झाकण उघडं ठेवून दोन तास हवा दिली असली तरी. हा गॅस हवेपेक्षा जड, तळाला बसतो. सुरुवातीला कुजलेल्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाकच बधिर होतं, वास बंद होतो, आणि माणसाला वाटतं गेला गॅस. नाकावर भरवसा ठेवणारा जुना जाणता मुकादम नेमका इथंच फसतो. डिटेक्टर १० पीपीएमला ओरडतो, म्हणजे नाक दगा द्यायच्या कितीतरी आधी.

आणि मग जे होतं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय, एक खाली पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, त्याच्या मागं तिसरा. मावसभाऊ असतात, एकाच गावचे असतात, दोरी-मास्क बघत बसायला वेळ कुणाला. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेनं १९८६ मध्ये नोंदवलं होतं की बंद जागांमधल्या मृत्यूंत ६० टक्क्यांपेक्षा जास्त माणसं वाचवायला गेलेली असतात. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडं तर जो उडी टाकत नाही त्याला गाव नावं ठेवतं. म्हणून नुसता ओरडणारा डिटेक्टर पुरत नाही, बिनतारी पाहिजे. आतल्या माणसाच्या छातीवरचा डिटेक्टर टाकीच्या तोंडावर उभ्या असलेल्या माणसाला त्याच सेकंदाला आकडा दाखवतो, म्हणजे आतला माणूस अजून पायावर उभा असतानाच त्याला वर ओढता येतं, आणि तो आडवा झालाच तर बाहेरच्याला कळतं की हा चक्कर येऊन पडला नाही, इथं गॅस आहे, मी उतरलो तर मी पण गेलो. जीव वाचवणारी गोष्ट ही आहे, टीव्हीवरचा लाल ठिपका नव्हे. अर्थात वर ओढायला अंगाला हार्नेस म्हणजे दोर अडकवायचे पट्टे आणि टाकीच्या तोंडावर दोर ओढायची तिपाई पाहिजे, ती नसली तर आकडा नुसता बघत बसायचा.

इथं एक मेंटेनन्सवाल्याची तक्रार. डिटेक्टर म्हणजे टॉर्च नव्हे, की बॅटरी टाकली आणि झालं. त्यातले सेन्सर दोन-तीन वर्षांत म्हातारे होतात, आणि म्हातारा सेन्सर काय करतो, गप्प बसतो. म्हणून कामाच्या आधी माहीत असलेल्या गॅसच्या छोट्या सिलिंडरवर त्याला हुंगवून बघायचं असतं, बंप टेस्ट म्हणतात त्याला. मी एका ठिकाणी कपाटात कुलूप लावून ठेवलेले चार डिटेक्टर बघितलेत, ऑडिटच्या दिवशी बाहेर येणारे, चारही चालू होत होते, हिरवा दिवा लागत होता, आणि चारातल्या एकालाही गॅस ओळखता येत नव्हता. न ओळखणारा डिटेक्टर छातीला लावून टाकीत उतरण्यापेक्षा आजोबांचा कंदील परवडला.

लोक म्हणतात कामगार अडाणी, नवीन वस्तू वापरत नाहीत, पट्टा काढून खुंटीला लावतात. हे मला अजिबात पटत नाही. आमच्याच भागातली शेतातली मोटर बघा. शेतीला थ्री फेज दिवसातनं मोजके तास, आणि त्यातला काही वाटा रात्रीचा. पूर्वी रात्री एकला बॅटरी घेऊन उसातनं चालत जायचं, खाली चिखल, पायाखाली काय वळवळतंय कळायचं नाही, ओल्या हातानं स्टार्टरची पेटी उघडायची, त्यात किती माणसं गेली, कोण सापानं कोण शॉकनं. मग सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर आला, घरातनं कॉल लावला की मोटर चालू, फेज गेली तर आपोआप बंद. निपाणीपासून अथणीपर्यंत गावागावात लोकांनी तो स्वतःच्या पैशानं घेतला. सरकारची मोहीम नाही, सेफ्टी वीक नाही, पोस्टर नाही. सातवी शिकलेले काका सेटिंग बदलतात, चुकीच्या नंबरवरनं कॉल आला तर स्टार्टर दाद देत नाही इथपर्यंत सगळं त्यांना येतं. का? कारण बटण त्यांच्या हातात आहे. मोटर त्यांची, सिम त्यांचं, रात्रीची झोप त्यांची. बिनतारी सेफ्टीचं आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात यशस्वी उदाहरण हे आहे आणि त्याला कुणी स्मार्ट वगैरे म्हणत पण नाही. (त्याचा पण एक धोका आहे बरं का, कोण मोटरीपाशी दुरुस्तीला बसलाय आणि घरातनं पोरानं कॉल लावला. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, आधी फ्यूज काढून खिशात घाला, मग हात घाला.)

फॅक्टरीत हेच उलटं होतं. वस्तू मालकाची, स्क्रीन सुपरवायझरची, आणि घाम मात्र कामगाराचा. मग तो पट्टा खुंटीला लावणारच. मी तर म्हणतो ते त्याचं शहाणपण आहे.

लोकेशन बघूच नये असं पण मी म्हणणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव तालुक्यात नावगे गावाजवळच्या चिकटपट्टीच्या कारखान्याला रात्री आग लागली, आणि एक तरुण कामगार लिफ्टमध्ये अडकून गेला. त्या बातमीनंतर मला बरेच दिवस झोप लागली नाही, कारण आग लागल्यावर गेटवर काय चालतं ते मला माहितेय. रजिस्टरमध्ये ४० नावं, त्यातली ५ सुट्टीवर, २ दुसऱ्याच्या नावावर आलेले, कॉन्ट्रॅक्टरची माणसं वहीत नाहीतच, आणि सगळे धुरात एकमेकांना हाका मारतायत, अरे तो कुठाय, तो बाहेर आला काय. अशा वेळी प्रत्येकाच्या खिशात एक साधा टॅग असेल आणि गेटवरच्या माणसाला "तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टपाशी, एक" एवढं दिसलं, तर अग्निशामकवाले अंधारात चाचपडणार नाहीत. त्या कारखान्यात टॅग असता तर तो पोरगा वाचला असता असा दावा मी करत नाही. पण आत कोण राहिलंय हे दोन मिनिटांत कळणं ही काय चैनीची गोष्ट नाही.

मग फरक कुठं पडतो? आग लागल्यावर मी कुठं आहे ते कळणं वेगळं, आणि रोज अकरा वाजून वीस मिनिटांनी मी कुठं आहे ते कळणं वेगळं. तांत्रिकदृष्ट्या हे वेगळं करणं काय अवघड नाही. टॅग शेडमध्ये असतो, त्याची नोंद तिथल्याच एका डबीत राहते, अलार्म वाजला किंवा कुणी आपत्तीचं बटण दाबलं तरच नावं उघडतात, शिफ्ट संपली की पुसलं जातं. ते डेमोवालं पोरगं मला खाजगीत म्हणालं, "काका, हे सगळं होतं, पण कस्टमर मागत नाही."

डेमोत न सांगितलेली आणखी एक गोष्ट म्हणजे आमच्या शेडमध्ये बिनतारी चालणं हीच एक कसरत आहे. वर पत्रा, बाजूला पत्रा, मध्ये लोखंडाचे ढीग, इंडक्शन भट्टीचा करंट. जीपीएसला आकाश दिसत नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, ते मोल्डिंग बॉक्सच्या राशीमागं गेलं की मुकं होतं. त्यातल्या त्यात आपल्याकडं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झची पट्टी बिनलायसन्सची आहे, लोरा नावाचा प्रकार त्याच्यावर चालतो, संदेश छोटा जातो पण लांब जातो आणि बॅटरी महिनोनमहिने टिकते, सिम लागत नाही. खानापूरच्या पलीकडं कणकुंबीच्या बाजूला जंगलात काम करणाऱ्याला मोबाईलची रेंज शोधत झाडावर चढायची पाळी येते, तिथं असलंच काहीतरी कामाला येईल. पण माझा सांगायचा मुद्दा असा की घेण्याआधी आपल्या शेडमध्ये, आपल्या भट्टीच्या मागं, मशीन सगळ्या चालू असताना टेस्ट करून घ्या. एसी रूममधल्या टेबलावरनं पडलेलं हेल्मेट सगळ्यांचंच वाजतं.

लाईनमनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो माझ्या धंद्याचा भाऊ. खांबावर चढायच्या आधी तो एलसी (लाईन बंद केल्याची परवानगी) घेतो, लाईन बंद झाली असं स्टेशनातनं कळतं, आणि मग कुणाच्या तरी बंगल्यातला जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (म्हणजे मेन लाईनपासून न तोडता) जोडलेला असतो, तो उलटा करंट सोडतो. मनगटाला किंवा हेल्मेटला लावायचा व्होल्टेज सेन्सर करंट असलेल्या लाईनच्या जवळ गेल्याबरोबर पिपाणी वाजवतो. तो प्रत्येक लाईनमनला आणि मुख्य म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरच्या हेल्परला पण मिळाला पाहिजे. पण लाईन जमिनीला जोडणारा अर्थिंग रॉड न लावता नुसत्या पिपाणीवर जो चढेल त्याला मी खाली ओढीन.

आता त्या संडासाच्या प्रश्नाकडं येतो, कारण माझ्या मते सगळं तिथंच अडलंय. नागपूर, चंदीगडसारख्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. सेफ्टीचा त्यात लवलेश नव्हता, हजेरीसाठी होतं. कामगारांच्या तक्रारी काय होत्या, घड्याळ बंद पडलं की पगार कापला जातो, घरी नेऊन चार्ज करायचं ओझं आमच्यावर, आणि बायकांना भीती की यातनं बघतात काय, ऐकतात काय, कपडे बदलताना काढून ठेवायचं की नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाच्या छातीवर गॅस डिटेक्टर नाही आणि झाडू मारणारीच्या मनगटावर जीपीएस मात्र आहे. २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय गटारात उतरवायला बंदी, सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, तरी आपली खरेदी कुठल्या वस्तूची झाली ते बघा.

कायदा वाचवेल म्हणाल तर तिथं पण गंमत आहे. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असा २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते पुट्टास्वामी आमच्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. त्याच्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा आला, आणि त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कामासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायची मुभा ठेवली. म्हणजे फोनमधलं गेमचं अ‍ॅप माझी परवानगी मागणार, पण माझ्या कपाळावरचं हेल्मेट मागणार नाही.

मालकांशी मी यावर वाद घातला. ते चांगले माणूस आहेत, कोविडमध्ये त्यांनी पगार दिलाय, हे पण सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, "अरे ट्रकला जीपीएस लावतोच की आपण, ड्रायव्हर कुठं बोंबललाय? आणि पैसे मी घालणार, मग मला बघायचा हक्क नको?" मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. मी म्हटलं, ट्रक तुमचा आहे मालक, त्याला लावा. माणसाचं हृदय किती ठोके मारतंय ते तुमचं नाही.

कारण पुढच्या मॉडेलमध्ये तेच येतंय, मनगटाचा पट्टा, नाडी मोजणारा, उष्म्यानं माणूस कोसळायच्या आधी सांगणारा. वस्तू भारी कामाची आहे. फौंड्रीत ओतायचं लोखंड १४०० डिग्रीच्या आसपास, एप्रिलच्या दुपारी वितळलेल्या लोखंडाची लॅडल धरून उभा असलेल्या माणसाच्या तोंडावर जी झळ येते ती ज्यानं खाल्लीय त्यालाच कळते, आणि बेळगावची हवा थंड म्हणून बाहेरचे लोक कौतुक करतात त्यांना एकदा पोअरिंगच्या वेळी आणून उभं केलं पाहिजे. आता समजा पट्ट्यानं सांगितलं की ५२ वर्षांच्या एका मामांची नाडी रोज दुपारी दोनला धोक्याच्या वर जाते. हा निरोप मामांच्या मनगटाला गेला आणि त्यांना दहा मिनिटं सावलीत बसून पाणी प्यायची हक्काची सुट्टी मिळाली तर ते अजून आठ वर्षं काम करतील. तोच निरोप ऑफिसच्या स्क्रीनवर गेला तर पुढच्या सोमवारी कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, मामा आता झेपत नाही तुम्हाला, दुसरा माणूस बघितलाय. पट्टा तोच, सेन्सर तोच. बीपीची गोळी डब्यात लपवून आणणारी माणसं मी बघितलीत, गेटवरच्या मेडिकलच्या आधी दोन दिवस मीठ सोडणारी. त्यांच्या हाताला तुम्ही चोवीस तासांचा मेडिकल बांधताय आणि वर म्हणताय हे तुमच्यासाठीच आहे.

पीस रेटवर तर आणखी मजा. डाग (म्हणजे तयार नग) मोजून पैसे. अलार्म वाजला, दहा मिनिटं थांबा, ठीक, पण त्या दहा मिनिटांचे डाग कोण भरून देणार? नाही देणार तर माणूस अलार्मवर चिंधी गुंडाळणार, मी पण तेच केलं असतं. जुन्या फॅक्टरी कायद्यात १९८७ साली, भोपाळच्या गॅसकांडानंतर, कलम ४१-एच घातलं. धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी, आणि त्या यादीत फौंड्री होती, कामगाराला जीवाचा धोका वाटला तर त्यानं मॅनेजरला सांगायचं आणि मॅनेजरनं ताबडतोब उपाय करून इन्स्पेक्टरला कळवायचं. नव्या लेबर कोडमध्ये पण तसलं कलम आहे. पण सांगणं वेगळं आणि हात थांबवणं वेगळं. भोपाळला सायरन नव्हता असं नाही, होता, पण गावाला ऐकू जाणारा सायरन थोडा वाजवून बंद केला होता, लोक घाबरू नयेत म्हणून! बटण ज्याच्या हातात होतं त्याला घाबरलेले लोक नको होते.

आणि जुनी एक गोष्ट आठवते, इंग्लंडच्या कोळसा खाणीतली. १८१५ मध्ये डेव्हीचा दिवा आला, जाळीतली ज्योत, खाणीतल्या गॅसला न पेटवणारी. मोठा शोध. पण मालकांनी काय केलं, ज्या थरांत गॅस फार म्हणून खाणकाम बंद होतं ते थर उघडले आणि दिवा देऊन माणसं आत पाठवली. माझी भीती हीच आहे, उद्या डिटेक्टर छातीवर आहे म्हणून टाकीत हवा खेळवणारा ब्लोअर लावणार नाहीत. प्रेसवर दोन हातांची बटणं आणि लाईट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बसवायच्या ऐवजी बोटांना सेन्सरचे मोजे घालतील. माझ्या चुलत्याची दोन बोटं उजव्या हाताची प्रेसखाली गेली, ९६ साली, दोन हातांच्या बटणातलं एक बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवलेलं होतं, प्रॉडक्शन वाढावं म्हणून, आणि ती काडी चुलत्यानं घातली नव्हती. मशीन दुरुस्त करता येत असेल तर आधी मशीन दुरुस्त करा. अंगाला गॅजेट ही शेवटची पायरी.

आता खर्च. आमच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात मोठे कारखाने बोटावर मोजण्याइतके, बाकी सगळ्या आठ-दहा-पंधरा माणसांच्या शेड. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले, त्यात वीज वापरणारी जागा फॅक्टरी म्हणून धरायची मर्यादा १० कामगारांवरून २० झाली. म्हणजे ज्यांच्याकडं धोका सगळ्यात जास्त आणि पैसा सगळ्यात कमी, त्यातली कितीतरी शेड फॅक्टरीच्या व्याख्येतनंच बाहेर. त्यांना चार गॅसचा डिटेक्टर घ्या म्हणणं म्हणजे भाकरीला महाग असलेल्याला तूप खा म्हणणं. पण गावाकडं लग्नाची मोठी भांडी कोण प्रत्येकजण विकत घेत नाही. देवळाची, मंडळाची असतात, नाव लिहून न्यायची, घासून परत द्यायची. इथं बेळगावात फौंड्री क्लस्टर आहे, वापरलेली वाळू परत वापरण्याजोगी करायची, टेस्टिंगची सोय छोट्या लोकांनी मिळून वापरायची म्हणून उभं राहिलेलं. तिथंच दहा-बारा डिटेक्टर, दोन तिपाया, हार्नेस, ब्लोअर आणि एक माणूस ठेवा जो रोज सकाळी बंप टेस्ट करतो. टाकीचं काम असेल त्या दिवशी न्या, संध्याकाळी परत. साखर कारखान्यांनी तालुक्यागणिक तेच करावं, त्यांना तर परवडतं. आणि ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीमागं रिफ्लेक्टर लावायला आणि ऊसतोड टोळीच्या अंगावर चमकणारी जाकिटं द्यायला कुठलं वायरलेस लागतं? अंधारात पंक्चर काढत बसलेल्या माणसाला ते जाकीट कुठल्याही सेन्सरपेक्षा आधी वाचवतं.

भाषेचं सांगितल्याशिवाय बेळगावातला लेख पुरा होत नाही. इथं पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे, अक्षरं किती इंच, वर कुठली खाली कुठली यावर आमची अर्धी हयात गेली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात मात्र सरळ लिहिलेलं होतं, नोटीस इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावायची. आज एका मोल्डिंग लाईनवर येळ्ळूरचा मराठी, गोकाकचा कन्नड आणि दोन ओडिशाचे पोरगे शेजारी शेजारी उभे असतात, आणि त्या स्मार्ट हेल्मेटमधनं बाई इंग्रजीत बोलते, "वॉर्निंग, हॅझार्डस एन्व्हायर्नमेंट." ओडिशाच्या पोरानं मला विचारलं, अण्णा, काय म्हणाली? बाईला गप्प करा आणि तीन वेळा जोरात थरथरलं की बाहेर पळायचं एवढं शिकवा. थरथरीवरून अजून तरी आमच्याकडं मोर्चा निघालेला नाही.

डेमोनंतर मालकांनी मला सांगितलं, तुला एवढं कळतंय तर काय पाहिजे ते लिहून दे. मी एका पानावर दिलं. भट्टी आणि कोअर शॉपसाठी (साच्यातले वाळूचे गाभे करतात तिथं) गॅस डिटेक्टर आधी, हेल्मेट नंतर. चार्जिंग आणि टेस्टिंग कंपनीच्या वेळेत, एक माणूस नेमून. अलार्म वाजल्यावर थांबलेल्या वेळेचे पीस रेटवाल्याला सरासरीनं पैसे. नाडीचा आकडा फक्त त्या माणसाला. अलार्म नसताना कुणाचं लोकेशन कुणाच्याच मोबाईलवर नाही, मालकांच्या पण नाही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, चार ओळींवर टिक केली, पाचवीवर पेननं आडवी रेघ मारली आणि म्हणाले हे बघू नंतर. त्या पाचव्या ओळीवर आमचं अजून चाललंय. परवा फेटलिंगच्या मामांनी मला गेटवर गाठून विचारलं की पट्ट्याचं काय झालं, तर मी म्हटलं पट्टा धुता येणारा सांगितलाय.